प्रायमाक्वीनची पहिली गोळी घेण्याआधी : जी६पीडी कमी असणाऱ्यांचा हिवताप आणि उपचारांचा क्रम

हिवतापाचा रिपोर्ट हातात पडला की आपल्याकडे दोनपैकी एक चूक हमखास होते. पहिली चूक म्हणजे मिळालेल्या सगळ्या गोळ्या त्याच रात्री सुरू करायच्या. त्यातली एक गोळी या माणसाच्या रक्ताला सोसणार आहे का, हे कुणीच विचारत नाही. दुसरी चूक उलटी. ‘ती गोळी रक्त फोडते’ असं कुठूनतरी कानावर येतं आणि चौदा दिवसांचा कोर्स चौथ्या दिवशी बंद होतो. पहिल्या चुकीत एखादा माणूस आठवडाभरात पांढराफटक पडतो. दुसऱ्या चुकीत दोन-तीन महिन्यांनी हुडहुडी परत येते आणि घरचे म्हणतात, पुन्हा डास चावला.

मी मिरजेत लॅबमध्ये रक्त तपासतो, गाव विट्याकडचं. पहिली चूक माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत झाली. गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) दुकानातून यात्रेसाठी गावी आला, थंडी-ताप भरला, जवळच्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली. हिमोग्लोबिन १३ वरून ६ च्या घरात यायला आठवडाही लागला नाही. तो वाचला. पण त्या आठवड्यात आम्ही घरच्यांनी जे जे चुकवलं, तेच दर पावसाळ्यात लॅबच्या खिडकीतून पुन्हा दिसतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

पुढचं कळायला एवढं माहीत असलं तरी पुरे. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्वीन रक्तातले जंतू मारतं, ताप उतरवतं, पण झोपलेल्यांना हात लावत नाही. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्वीन. जी६पीडी हे तांबड्या पेशीतलं एक एन्झाइम आहे. काही औषधांमुळे पेशीवर जो ताण येतो, त्यापासून ते तिला वाचवतं. जन्मतःच ते कमी असेल तर प्रायमाक्वीनने पेशी फुटतात. एरवी हा माणूस ठणठणीत असतो. ऊस तोडतो, पोलीस भरतीला पळतो, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी नॉर्मल येते. म्हणूनच तो ओळखू येत नाही.

## १. आधी जात ओळखा, मग गोळ्या

ताप आला की पहिलं काम रक्ताचं, गोळीचं नाही. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काचपट्टी घेतात, किटवरही तपासतात. आशाताईंकडेही किट असतं. रिपोर्टवर पीव्ही म्हणजे व्हायवॅक्स, पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, काही वेळा दोन्ही. नुसतं ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ लिहून मिळालं तर परत जाऊन जात विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

व्हायवॅक्सला क्लोरोक्वीन ३ दिवस आणि प्रायमाक्वीन १४ दिवस. फाल्सिपेरमला आपल्या भागात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन यांचं पाकीट ३ दिवस, आणि प्रायमाक्वीनचा एकच डोस दुसऱ्या दिवशी. एकच डोस म्हणून तो हलका समजू नका. व्हायवॅक्सला मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम असतात, इथे एकदम ४५ असतात.

बाहेरून आलात तर ते सांगायला विसरू नका. पाटण-जावळीकडचे मुंबईला माथाडी कामाला, खानापूर-आटपाडीचे गलाईसाठी देशभर, सैन्यातले ईशान्येला. ताप गावात चढला तरी जंतू तिकडून आलेला असू शकतो. कुठून आलात हे कळलं की डॉक्टर त्या हिशेबाने औषध निवडतात.

थांबा : बेशुद्धी, झटके, जोराचा श्वास, पाणीही पोटात न टिकणं, लघवी फारच कमी किंवा प्रायमाक्वीन घेण्याआधीच काळी होणं. यातलं एकही दिसलं तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा.

## २. पाच प्रश्न, आणि त्यातला मोठा आजोळचा

तपासणी होईल तेव्हा होईल, हे प्रश्न आत्ता बसल्या जागी विचारता येतात. डॉक्टरांकडे घाई असते, म्हणून उत्तरं घरूनच लिहून न्या.

१) पूर्वी कुठल्या औषधानंतर लघवी काळी किंवा चहासारखी झाली होती का?

२) जन्मल्यावर कावीळ झाली म्हणून निळ्या लाइटखाली पेटीत ठेवलं होतं का? हे आईला किंवा आजीला विचारा, मुलाला काय माहीत असणार. (बाळांची कावीळ बहुतेक वेळा वेगळ्या कारणांची असते. पण इथे हे उत्तर उपयोगी पडतं.)

३) अचानक रक्त कमी झालं म्हणून कधी रक्त चढवावं लागलं का? कारण कळलं होतं का?

४) बाई असेल तर गरोदर आहे का, अंगावर पिणारं बाळ आहे का, किती महिन्यांचं?

५) आजोळी कुणाला असं काही झालं होतं का? मामा, आईचे वडील, मावशीची मुलं.

हा पाचवा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. विचारला तर वडिलांकडच्या भावकीबद्दल विचारतात, आणि तिथे उत्तर सापडत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो. मुलाला एक्स आईकडून मिळतो, त्यामुळे मुलगा ही कमतरता घेतो ती आईकडून. आई स्वतः वाहक असते, तिला बहुधा काही त्रास नसतो. तिच्या प्रत्येक मुलात कमतरता उतरण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. कमतरता असलेल्या बापाकडून मुलाला काही जात नाही, मात्र त्याच्या सगळ्या मुली वाहक होतात.

मुलींना हा त्रास होत नाही, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. मामात कमतरता असेल तर त्याची मुलगी वाहक असणारच. भाच्यातही कमतरता असली, तर या दोघांच्या मुलीला दोन्हीकडून दोष मिळू शकतो, आणि मग तिला मुलाइतकाच त्रास होतो. म्हणून नात्यातलं लग्न असेल तर मुलीच्या बाबतीतही हे प्रश्न सोडू नका.

तपासून पाहा : पाचातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर जी६पीडीचा रिपोर्ट आल्याशिवाय प्रायमाक्वीन सुरू करायचं नाही, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्वीन द्यायचंच नाही. अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर आईलाही थांबवतात.

पाचही उत्तरं ‘नाही’ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. माझ्या भाच्याचीही पाचही उत्तरं ‘नाही’च आली असती.

## ३. नमुना नीट द्या

सरकारी केंद्रात प्रत्येकाची जी६पीडी तपासणी होईलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी गोळ्या देताना धोक्याच्या खुणा सांगतात आणि त्या दिसल्या तर गोळी बंद करून या, म्हणतात. तपासणीची सोय सांगली, मिरज, कराड, सातारा अशा ठिकाणी मिळते, किंवा तालुक्याच्या लॅबमधून नमुना पुढे पाठवतात. विचारताना ‘जी६पीडी’ हेच नाव घ्या. सिकलसेलची तपासणी वेगळी, थॅलेसेमियाची वेगळी. ‘सिकलसेल झालंय, नॉर्मल आहे’ म्हणत लोक परत जातात. त्याचा इथे काही उपयोग नाही.

रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतात. बाटली थंड ठेवायची असते, २ ते ८ अंशांना, पण गोठवायची नाही. गडबड नेमकी इथे होते. एप्रिल-मेच्या उन्हात आटपाडीहून कुणीतरी बाटली शर्टाच्या खिशात घालून मोटरसायकलवर मिरजेला आणतो. उष्णतेने एन्झाइम मरतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट ‘कमी’ येतो. नमुना न्यायचाच असेल तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवा. बाटलीभोवती कापड गुंडाळा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका. शक्य असेल तर माणूसच लॅबमध्ये न्या, ते सगळ्यात बरं.

त्याच टोचणीत सीबीसी करून घ्या. पहिल्या गोळीआधी हिमोग्लोबिन किती होतं, हा आकडा पुढे फार कामाला येतो. आठव्या दिवशी ९ आलं तर ते १३ वरून ९ की आधीपासूनच ९, हे कळायलाच हवं. रक्तक्षय असलेल्या बायकांच्या बाबतीत हा गोंधळ मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

थांबा : गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा. तपासणी दात्याच्या पेशींची होईल, तुमच्या नाही.

## ४. रिपोर्ट वाचताना

तपासणी दोन प्रकारची असते.

एक ठिपक्याची. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून ठरलेल्या वेळांना गाळणकागदावर एकेक ठिपका टाकतो, वाळवतो आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरतो. एन्झाइम पुरेसं असेल तर ठिपका निळसर-पांढरा चमकतो, मिनिटागणिक जास्तच. कमी असेल तर ठिपका काळोखात बुडून राहतो, शेजारी ठेवलेला नॉर्मलचा ठिपका तेवढा उजळलेला असतो. पुरुषासाठी ही तपासणी बहुतेक वेळा पुरते.

दुसरी आकड्याची. तिच्यात दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे एन्झाइम किती, ते मोजतात. हा आकडा लॅबच्या पद्धतीवर अवलंबून असतो, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून पाहू नका. लॅबला सरळ विचारा, ‘तुमच्या नॉर्मलच्या किती टक्के?’ ३० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमतरता. ३० ते ७० मधलं मधलंच. ७० च्या वर असेल तर चिंता नाही.

मधल्या पट्ट्यात बहुतेक बायका असतात. वाहक बाईच्या काही पेशींत चांगला एक्स चालतो, काहींत दोषाचा. कुणात किती, ते सख्ख्या बहिणींतही वेगळं असतं. एखादीच्या निम्म्या पेशी कमकुवत असतात आणि तरी ठिपका चमकतो, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. म्हणून आजोळचं उत्तर ‘हो’ असलेल्या बाईने आकड्याचीच तपासणी मागावी. लॅब म्हणेल ठिपक्याची पुरे, तरी आग्रह धरा.

आता सगळ्यात फसवा रिपोर्ट. पेशी फुटायला लागल्यावर केलेला. म्हाताऱ्या पेशींत एन्झाइम आधीच कमी उरलेलं असतं, त्या पहिल्यांदा फुटून जातात. शरीर घाईघाईने नव्या पेशी बाहेर सोडतं आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. त्या वेळी नमुना घेतला तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ किंवा सीमेवरचा येतो. भाच्याचा असाच आला. तो रिपोर्ट मीच माझ्या हाताने केला होता आणि बहिणीला म्हणालो होतो, ‘ताई, जी६पीडी नाही, दुसरं काहीतरी असेल.’ तीन महिन्यांनी पुन्हा केला तेव्हा ठिपका काळाच राहिला.

तपासून पाहा : काळी लघवी, अचानक कावीळ किंवा रक्त चढवणं यानंतर लगेच आलेला ‘नॉर्मल’ रिपोर्ट अर्धवट समजा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तीन महिने जाऊ द्या आणि पुन्हा करा.

## ५. गोळ्यांचा क्रम

रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागले म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. व्हायवॅक्स असेल तर क्लोरोक्वीन लगेच सुरू करा. उपचाराच्या डोसात ते जी६पीडी कमी असलेल्यालाही चालतं. थांबायचं असतं ते फक्त प्रायमाक्वीनसाठी, आणि दोन-चार दिवसांच्या उशिराने काही बिघडत नाही. एवढी एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली तरी निम्मं काम होईल. ‘रिपोर्ट येईपर्यंत काहीच नको’ हे चूक, आणि ‘सगळं एकदम’ हेही चूक.

मोठ्या माणसाचं क्लोरोक्वीन पहिल्या दिवशी ४ गोळ्या, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. पोटात काहीतरी घालून घ्या. गोळी कडू असते. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो. मुलांचा डोस वय-वजनावर असतो, तो चिठ्ठीवरच लिहून घ्या.

रिपोर्ट नॉर्मल आला की प्रायमाक्वीन. वजनाच्या किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५, सलग १४ दिवस. जेवणानंतर. उपाशीपोटी घेतलं की पोटात कालवतं, मळमळतं आणि लोक ‘गोळी सोसत नाही’ म्हणून सोडून देतात.

इथे एक चूक वारंवार दिसते. प्रायमाक्वीन २.५, ७.५ आणि १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. सरकारी केंद्रातून ७.५ च्या मिळाल्या तर रोज दोन. त्या संपल्या, मेडिकलमधून नवीन पाकीट आणलं, ते १५ चं निघालं, आणि घरात ठरलेलंच होतं ‘रोज दोन’. झाला दुप्पट डोस. म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या नको, मिलिग्रॅम लिहून घ्या. नवीन पाकीट आणलं की ताकद मोठ्याने वाचा.

थांबा : चौथ्या दिवशी ताप नसणं हा क्लोरोक्वीनचा परिणाम आहे. यकृतातल्या जंतूंचा ताप नसतोच, त्यामुळे ताप गेला यावरून प्रायमाक्वीनचं काम झालं की नाही हे कळत नाही. जी६पीडी नॉर्मल असेल तर चौदा म्हणजे चौदा.

## ६. पहिला आठवडा लघवी बघायची

तपासणी झालेली असो वा नसो, हे सगळ्यांनीच करावं. पेशी फुटायच्या असतील तर खूण साधारण पहिल्या एक ते तीन दिवसांत दिसायला लागते आणि हिमोग्लोबिन सगळ्यात खाली जातं ते आठवड्याच्या सुमारास.

सकाळची पहिली लघवी पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा आणि पांढऱ्या कागदासमोर उजेडात बघा. संडासातल्या फरशीवर किंवा रात्री बल्बखाली रंग कळत नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, रोज त्याच जागी उभं राहून. डॉक्टरांना हे फोटो दाखवले की शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय, हे माहीत असू द्या. गडद पिवळी लघवी बहुधा पाणी कमी पडल्याची, तापात ती होतेच. चार ग्लास पाणी प्या, दुपारी पुन्हा बघा. झगझगीत पिवळी, जणू हळद कालवलेली, ती बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने होते, तिला घाबरायचं कारण नाही. पण काळ्या चहासारखी, कोकाकोलासारखी, काकवीच्या रंगाची, आणि भरपूर पाणी पिऊनही तशीच राहिली तर ती धोक्याची. लॅबमध्ये अशा लघवीत पट्टीवर रक्त दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तांबड्या पेशी सापडत नाहीत. कारण फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिनच गळून आलेलं असतं.

लघवीबरोबर डोळ्यांचा पांढरा भागही बघा, दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून. पिवळेपणा, ओठ-नखं निळसर होणं, पोटात किंवा कमरेत दुखणं, जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधड, उभं राहिल्यावर अंधारी. सावळ्या माणसाचा फिकेपणा चेहऱ्यावर दिसत नाही. तळहात आणि जीभ बघा.

ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी हिमोग्लोबिन करून घ्यावं. तपासणीला फार वेळ लागत नाही.

## ७. लघवी काळी आली तर

प्रायमाक्वीन तिथेच बंद. ‘आजची घेतो, उद्या डॉक्टरांना विचारतो’ असंही नको. क्लोरोक्वीन अजून चालू असेल तर ते बंद करायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. पाणी प्या आणि त्याच दिवशी रक्त चढवायची सोय असलेल्या रुग्णालयात जा. राहिलेल्या गोळ्यांचं पाकीट, लघवीचे फोटो आणि पहिल्या दिवसाची सीबीसी बरोबर न्या. गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोला, ‘प्रायमाक्वीन चालू होतं, आता लघवी काळी झालीय.’ एवढ्यावरून कामाला दिशा मिळते. तिथे हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघतात. गरज पडली तर सलाईन, रक्त.

आमचे दोन दिवस कुठे गेले ते लिहितो. भाच्याचे डोळे पिवळे दिसले आणि घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, कावीळ आहे. त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. तिथे झाडपाला दिला, तेल-मीठ बंद केलं, आणि कुणीच न सांगितल्यामुळे प्रायमाक्वीन चालूच राहिलं. बहिणीने मला फोन केला तो चौथ्या दिवशी संध्याकाळी, आणि तोही मुलगा जिन्यात बसून राहिला म्हणून. ही कावीळ यकृताची नव्हती, फुटलेल्या रक्ताची होती. तिला झाडपाल्याचं औषध नाही. पथ्यही नाही. इलाज आहे तो गोळी थांबवण्याचा आणि हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवण्याचा.

थांबा : हिवतापाच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले तर आधी लॅब. बाकी सगळं नंतर.

## ८. कमतरता निघाली तर पुढे काय

जी६पीडी कमी म्हणजे हिवतापाला औषधच नाही, असं नाही. ताप उतरवणारी औषधं मिळतातच. प्रश्न उरतो यकृतात झोपलेल्या जंतूंचा.

त्यासाठी प्रायमाक्वीन रोज न देता आठवड्यातून एकदाच, किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, असं आठ आठवडे देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत ही पद्धत आहे. एका डोसाने फुटतात त्या मुख्यतः म्हाताऱ्या पेशी, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत शरीर भर घालतं. पण हे घरी बसून करायचं नाही. पहिल्या एक-दोन डोसांनंतर हिमोग्लोबिन सगळ्यात जास्त उतरतं, म्हणून रुग्णालय जवळ हवं, तपासण्या ठरलेल्या हव्यात आणि गरज पडलीच तर रक्त मिळायला हवं. कमतरता फार तीव्र असेल, आधी एकदा जोरात रक्त फुटलेलं असेल, तर डॉक्टर तेही टाळतात आणि ताप परत आला की दर वेळी लगेच क्लोरोक्वीनने उपचार करतात. अशा माणसाने वर्षभर कुठलाही ताप आला की पहिल्या दिवशी काचपट्टी द्यावी.

टॅफेनोक्वीन नावाच्या एका डोसाच्या औषधाबद्दल कुणी वाचून विचारतं. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, रक्त फुटायला लागलं तर थांबवता येत नाही. म्हणून ७० टक्क्यांच्या वर आकडा असल्याशिवाय ते देत नाहीत. जी६पीडी कमी असलेल्याचा तो मार्गच नव्हे.

## ९. कागद आयुष्यभराचा

हा रिपोर्ट हिवतापापुरता नाही. डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्लू, रासब्युरिकेस ही औषधं अशा माणसाला चालत नाहीत. सल्फाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. तापाला पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसात चालतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या घरातून काढून टाका, बाळाचे कपडे तर त्यांच्याजवळही ठेवू नका. तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावू नका.

इंटरनेटवर ‘बीन्स’ खाऊ नका असं वाचून लोक पावटा, वालपापडी आणि कोरेगावचा वाघ्या घेवडाही बंद करतात. त्याची गरज नाही. जिच्याने त्रास होतो ती शेंग बाकल्याची, वेगळ्या झाडाची. आपल्याकडे ती क्वचितच मिळते. घेवड्याची उसळ खुशाल खा.

मग नातेवाईक. एकात कमतरता निघाली की त्याची आई, सख्खे भाऊ, बहिणी, मामा, मावशीची मुलं यांना कळवा. ताप नसताना, निवांत तपासून घ्यायला सांगा, कारण त्या वेळचा रिपोर्ट सगळ्यात खरा असतो. भाच्याचा दुसरा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी लॅब बंद करताना मी माझंच रक्त काढलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे ठिपके बघितले होते. दिवा लावला तर शेजारचा ठिपका उजळला आणि माझा उजळलाच नाही. मी ४६ वर्षांचा, कधी रक्ताची बाटली लागली नाही, हिवताप झाला नाही. दोन्ही मुली वाहक आहेत हे आता तपासल्याशिवायही सांगता येतं. तरीही त्यांची आकड्याची तपासणी करून घेतली, म्हणजे उद्या त्यांना गोळी द्यायची वेळ आली तर अंदाजावर काही राहणार नाही.

रिपोर्टची झेरॉक्स घरात ठेवा, पण माणसाजवळ एक छोटं कार्ड असू द्या, प्लॅस्टिकमध्ये घालून, मोबाइलच्या कव्हरमागे. गलाईला गेलेला मुलगा ओडिशात आजारी पडला तर तिथल्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असं नाही, म्हणून मागच्या बाजूला हिंदीतही लिहा. आमच्या भाच्याच्या कार्डावर एवढंच आहे :

‘मला जी६पीडीची कमतरता आहे. प्रायमाक्वीन, टॅफेनोक्वीन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्लू, रासब्युरिकेस देऊ नये. हिवताप झाल्यास क्लोरोक्वीन चालते. रक्तगट बी पॉझिटिव्ह. नेहमीचे हिमोग्लोबिन १३.’

खाली त्याच्या आईचा नंबर आणि माझा.